केसपेपर कुणाचा?

वकिलानं ऐन वेळी वकीलपत्र सोडलं, हे अलिबागच्या कोर्टात कुणाला नवीन नाही. पण अशील डॉक्टर असेल आणि मेडिकल कौन्सिलनं त्याची नोंदणी स्थगित केलेली असेल तर? अपिलाची सुनावणी चार दिवसांवर, आणि वकिलाचा फोन येतो : "डॉक्टर, मला जमणार नाही."

डॉक्टर काय करतो? मांडव्याची पहिली बोट पकडून मुंबईला नवा वकील गाठायला निघतो. मी म्हणतो, बोट नंतर पकडा. आधी जुन्या वकिलाकडून फाइल घ्या.

फी थकली म्हणून फाइल अडवता येत नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं 97,100 रुपयांच्या बिलापोटी बँकेच्या फाइली दाबून ठेवल्या होत्या. 2000 साली सक्सेना विरुद्ध शर्मा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कागद अशिलाचे आहेत; फीसाठी वेगळा दावा लावा. शिवाय बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सबळ कारण आणि पुरेशी आगाऊ सूचना असल्याखेरीज वकिलानं सहसा काम सोडायचं नाही.

डॉक्टरांना हे ओळखीचं वाटायला हवं. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णानं मागितलेले कागद 72 तासांत द्यावे लागतात. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या," हे आपल्या काउंटरवरचं वाक्य त्या दिवशी वकिलाचा कारकून डॉक्टरांना ऐकवतो.

त्याच नियमांत कौन्सिलपुढे स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडायची मुभा आहे. हे महत्त्वाचं, कारण खात्यांतर्गत चौकशीत वकील मिळेलच असं नसतं. मुंबई पोर्ट ट्रस्टनं नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याविरुद्ध स्वतःचे कायदा अधिकारी उभे केले आणि त्याला मात्र वकील नाकारला. न्या. डी. ए. देसाई यांना हा सामना बरोबरीचा वाटला नाही. सर्वोच्च न्यायालयानं नाडकर्णींच्या बाजूनं निकाल दिला.

मग तारीख वाढवून मिळेल? इथं जरा जपून. वकील हजर राहिला नाही म्हणून अपील फेटाळलेल्या खेड्यातल्या रफीकला 1981 साली न्यायालयानं पुन्हा संधी दिली. 1993 साली कलकत्त्यातल्या एका कंपनीनं तीच सबब पुढे केली, तेव्हा मात्र दाद मिळाली नाही : तुम्ही शिकलेले, शहरातले, लक्ष ठेवायला काय झालं होतं? एमबीबीएसची पाटी लावणाऱ्याला रफीक कोण मानणार?

म्हणून वकिलाचा फोन आला त्याच दिवशी मुदतीसाठी लेखी अर्ज करा. सोबत वकिलाचं पत्र जोडा, पोच घ्या. अपील अजून दाखलच व्हायचं असेल तर मुदत आधी मोजा. 2002 च्या नियमांत ती 60 दिवसांची आहे, आणि वकील गेला म्हणून ती थांबत नाही.

आणि अर्ज टाइप करून घ्या. अक्षराबद्दल मी काही बोलत नाही. पुढच्या रांगेत चार डॉक्टर बसलेत.