माझी पट्टी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, “आपल्या समूहगानाविषयी दोन शब्द बोला.” मी म्हटले, “अहो, मी सातवी शिकलेली. मला चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “गाताना राहता ना उभ्या? तसेच उभे राहायचे.” यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आज उभी आहे. काही चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

माझे माहेर मिरजेजवळच्याच एका खेड्यातले. तिथे शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून माझे शिक्षणही सातवीपर्यंतच. मी सहावीत असताना 15 ऑगस्टसाठी आमचे समूहगान बसवले होते. गुरुजी ओळीतून कान देत फिरत होते. माझ्यापाशी आले, थांबले आणि हळूच म्हणाले, “तू ओळीत उभी राहा. पण आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव.” त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. कार्यक्रम चांगला व्हावा एवढेच त्यांना हवे होते. पण त्या दिवसापासून तीस वर्षे मी ओठच हलवले. गणपतीच्या आरतीत हलवले, भोंडल्याच्या फेरात हलवले, मंगळागौरीला हलवले. माझी दोन मुले लहानाची मोठी झाली, पण त्यांना झोपवताना मी कधी अंगाई म्हटली नाही. नुसते थोपटले.

चार वर्षांपूर्वी मी मंडळाच्या समूहगानात आले ती गाण्याच्या ओढीने नव्हे, हे आज प्रामाणिकपणे सांगते. मुलगी सासरी गेली होती, मुलगा नोकरीसाठी पुण्यास. यजमानांची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घर खायला उठे. गुरुवारी चार ते सहा बाहेर पडायला एक निमित्त मिळेल, एवढाच हेतू. सासूबाई म्हणाल्या, “आता या वयात गळा काढायला जाणार का?” आपल्याकडे गळा काढणे कशाला म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. मी हसले आणि चपला घातल्या.

पहिले दोन महिने मी इथेही तेच केले. मागच्या ओळीत उभी राहून ओठ हलवले. वही नीट लिहिली होती, शब्द पाठ होते. कोणाला कळणार नाही असे वाटले. पण गायनाच्या बाईंना कळले. एके दिवशी सर्वजणी गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतले आणि म्हणाल्या, “तुमच्या जागेवरून आवाज येत नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी गुरुजींची हकिकत सांगितली. बाईंनी काही न बोलता पेटी पुढे ओढली.

आमचे सारे गाणे काळी पाचमध्ये बसवलेले होते. बाईंनी काळी पाच दाबली आणि मला ‘सा’ लावायला सांगितला. ‘सा’ कसाबसा लागला, पण वरच्या ‘सा’पाशी पोहोचायच्या आतच आवाज चिरकला. मग त्या एकेक पट्टी खाली उतरत गेल्या. काळी पाचवरून चार पट्ट्या खाली काळी तीन लागते. तिथे मी ‘सा’ लावला आणि तो माझ्या छातीत घुमला. वरचा ‘सा’ही न ओढता आला. बाई म्हणाल्या, “तुम्ही बेसूर नाही. तुमची पट्टी निराळी आहे.” त्या दिवशी मी घरी येताना वाटेत रडले. इतकी साधी गोष्ट समजायला तीस वर्षे लागली याचे रडू होते.

दुसऱ्या दिवशी बाई मला सतारमेकर गल्लीत घेऊन गेल्या. मी इतकी वर्षे मिरजेत राहते, पण भाजी आणायला जाताना जेवढी ती गल्ली दिसे तेवढीच पाहिलेली. आपली सतार आणि तंबोरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण वर्तमानपत्रात वाचलेच आहे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आपल्या गावी राहिले ते काही उगीच नव्हे. तर तिथे पंढरपूरच्या बाजूचे भोपळे टांगलेले होते, लहान आणि मोठे. कारागिराने समजावून सांगितले की बायकांचा तंबोरा लहान आणि पुरुषांचा मोठा. जशी ज्याची पट्टी, तसा भोपळा, तशी दांडी, तशा तारा. मी विचारले, “मोठ्या तंबोऱ्याची तार पिळून काळी पाचला नेली तर?” तो म्हणाला, “तुटेल. मग तुम्ही म्हणाल तंबोरा वाईट.”

मैत्रिणींनो, हे ऐकून मी जी घरी आले ती रोज पहाटे दूध तापत ठेवून ‘सा’ लावू लागले. मुलाने मोबाईलमध्ये तंबोरा घालून दिला आहे, तो काळी तीनला लावते. एकदा माझाच आवाज त्यात भरून ऐकला, तेव्हा हे कोण गाते आहे असे वाटले. दोन दिवस पुन्हा ऐकण्याचा धीर झाला नाही. पण आपला आवाज आपणच ऐकल्याखेरीज सुधारत नाही, हेही खरे.

पुढच्या गुरुवारी बाईंनी एक गाणे काळी तीनमध्ये घेतले. मी एकटीच खुलेन अशी माझी समजूत होती. पण पुढच्या ओळीतल्या काकू, वय अडुसष्ट, अशा मोकळ्या गायल्या की सगळ्याजणी वळून पाहू लागल्या. त्यांच्या मागोमाग आणखी चौघींचे आवाज वर आले. मग हळूहळू कबुली निघाली. वय वाढले की बायकांचा आवाज खाली उतरतो. काळी पाचचे गाणे आले की या पाचहीजणी माझ्याचसारख्या ओठ हलवत होत्या. एकीलाही दुसरीचे माहीत नव्हते. प्रत्येकीला वाटे, आपणच तेवढ्या वाईट.

आता दुसरी बाजूही सांगते. आमच्यातल्या एका वहिनींचा आवाज उंच आणि गोड आहे. काळी तीनला त्यांचा आवाज दबतो. त्या म्हणाल्या, “मला विहिरीत उतरून गायल्यासारखे वाटते.” पंधरा दिवस आमच्यात बोलणे नव्हते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी बाईंनी तोड काढली. दोन गाणी काळी पाचमध्ये, त्यांत कडवी वहिनींनी आणि उंच आवाजाच्या मुलींनी म्हणायची, आम्ही खालच्या आवाजाच्यांनी फक्त पालुपद धरायचे. दोन गाणी काळी तीनमध्ये, त्यांत कडवी आमची. कोणीच पूर्ण सुखी नाही, पण ओठ हलवणारी आता कोणी नाही.

समूहगानात मी दोन गोष्टी शिकले. एक, शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला आवाज मोठा झाला असे समजावे. दुसरी, सर्वांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. लांब ओळ असली की एकीने आधी घ्यावा, दुसरीने मागाहून. म्हणजे श्वास प्रत्येकीचा तुटतो, पण ओळ तुटत नाही.

हे काही नवे नाही. माझी आजी जात्यावर बसे तेव्हा समोर चुलती बसे. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने उचलावी. आजीचा आवाज खाली, भरड, दळणाच्या घरघरीत मिसळलेला. तिची परीक्षा कोणी घेतली नाही. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखाच्या वर ओव्या जमवून ठेवल्या आहेत, असे मी वाचले. त्या सांगणाऱ्या बायका निवडून काढल्या असत्या तर लाख ओव्या कुठून मिळाल्या असत्या?

हे मी आजच का बोलते, ते तुमच्या ध्यानात आले असेल. गेल्या वर्षी आपण स्पर्धेत उतरलो आणि बक्षीस मिळाले नाही. म्हणून यंदा चाचणी घेऊन बाराजणी निवडाव्यात असा विचार कार्यकारिणीत चालू आहे. स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या कडव्याला एक आवाज सगळ्यांच्या आधी उठला. तो कोणाचा यावर पुष्कळ चर्चा झाली. तो माझा होता. त्या दिवशी मी गप्प राहिले, ती माझी दुसरी चूक. आज सर्वांसमोर सांगते आणि क्षमा मागते. चाचणी घेतली तर पहिली मी गळेन, हेही मला माहीत आहे. तेव्हा मी स्वतःसाठी बोलते आहे असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक नाही.

पण माझी विनंती एवढीच. स्पर्धेसाठी बाराजणी खुशाल निवडा. त्यांना आम्ही चहा करून देऊ, टाळ्या वाजवू. मात्र गुरुवारचे चार ते सहा सर्वांना मोकळे ठेवा. आणि चाचणी घ्यायचीच असेल तर आधी प्रत्येकीला पेटीजवळ बसवून तिची पट्टी शोधा, मग ती सुरात आहे की नाही ते ठरवा. पट्टी न पाहता कोणा बाईला “नुसते ओठ हलव” असे आपल्या मंडळात म्हटले जाऊ नये. एकदा ऐकलेले ते शब्द घरात, देवघरात, पाळण्यापर्यंत येतात. मी अनुभवाने सांगते.

गेल्या श्रावणात मुलगी बाळंतपणाला आली होती. नातवाला मांडीवर घेऊन मी अंगाई म्हटली, काळी तीनमध्ये. तो झोपला का, म्हणाल तर नाही. टक्क डोळ्यांनी बघत राहिला. पण आतल्या खोलीतून मुलीने विचारले, “आई, कोण गातंय गं?”

उद्या गुरुवार आहे. ज्यांना वाटते की आपल्याला गाता येत नाही, त्यांनी अवश्य यावे. वही आणि पाण्याची बाटली आणावी. पेटी इथेच आहे.