बायकांच्या बैठकीची जागा



आजचा विषय जरा अवघड आहे. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका आणि महानगरांतील त्यांचे बार, असा तो विषय. समोरच्या रांगेत हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या बसलेल्या भगिनी उठून जाणार नाहीत, असा आमचा भरवसा आहे. कारण आम्ही बोलणार आहोत ते मद्याविषयी कमी आणि बसायच्या जागेविषयी अधिक.

लंडनच्या चेल्सी भागात गेटवेज नावाचा एक क्लब होता. रस्त्यावर हिरवे दार आणि जिना उतरला की तळघर. १९३० च्या दशकात तो सुरू झाला, १९६७ पासून तेथे फक्त स्त्रियांनाच प्रवेश होता, आणि १९८५ साली तो बंद पडला. दिवसभर कचेरीत नाव आणि नाते लपवून वावरणारी बाई तेथे दोन घटका मोकळेपणाने बसू शके. बर्लिनमध्येही अशा जागा होत्या. १९३३ नंतर नाझी सत्तेने त्या मोडून काढल्या. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला बारवर पोलिसांच्या धाडी पडत. त्या भीतीने काही स्त्रियांनी १९५५ साली 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही संस्था काढली. एकमेकींच्या घरी जमावे, निर्धास्तपणे नाचावे, हा त्यांचा पहिला हेतू!

आता आपल्या मुंबईकडे वळू. येथे गेटवेज घडले नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिण्याला परवाना लागू लागला. परमिट रूम ही पुरुषांची जागा होऊन बसली. बार आणि बाई हे दोन शब्द आपल्याकडे एकत्र आले ते डान्सबारमध्ये, आणि तेथेही बाई आली ती चाकरीला. सरकारने २००५ साली ते बंद केले, ते प्रकरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. कुलाब्याच्या 'वूडू' पबमध्ये १९९० च्या दशकात शनिवारी समलिंगी मंडळी जमत, पण तीही मुख्यतः पुरुषांची गर्दी. बाईजवळ स्वतःचा पैसा हवा, रात्र हवी, शिवाय शेवटची गाडी चुकली तर घरी काय सांगायचे, याचे उत्तर हवे.

कायद्याचेही एक नवल सांगतो. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम स्त्रियांना नीट लागूच होत नव्हते, तरी धाक घालायला ते पुरे पडे. इंग्लंडात १९२१ साली स्त्रियांविरुद्ध तसा कायदा करण्याचा घाट घातला गेला. लॉर्डांनी तो नामंजूर केला. कारण काय, तर अशा कायद्याने ही गोष्ट भल्या बायकांना कळेल! म्हणजे शिक्षेपेक्षा मौन अधिक उपयोगी, असा हिशेब होता.

ते मौन मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' या नाटकात मोडले. पुढे १९९५ साली मुंबईत 'स्त्री संगम' हा गट उभा राहिला. त्याचेच नाव पुढे 'लेबिया' झाले. ह्या गटाची बैठक म्हणजे कुणाचे तरी घर आणि त्याचा पत्ता म्हणजे टपाल कचेरीतील एक पेटी. तेथून 'स्क्रिप्ट्स' नावाचे नियतकालिक निघू लागले. डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर' चित्रपटावरून शिवसैनिकांनी गोरेगावच्या चित्रपटगृहात मोडतोड केली, तेव्हा दिल्लीत स्त्रिया हाती फलक घेऊन उघडपणे रस्त्यावर उभ्या राहिल्या. आमच्या मते मुंबईच्या ह्या इतिहासातील खरा 'बार' ती टपालपेटीच होय.

मात्र पेटीला एक उणीव होती. ती पत्र घेऊ शके, पण उत्तर कोठे पाठवायचे? आपल्या मोहोपाड्यातील एखादी मुलगी त्या काळी तिकडे लिहिती, तर उत्तराचे पाकीट दारी येताच सासरा, दीर, शेजारीण, कुणीही फोडते. कॉलनीत तर पोस्टमनच चौकशी करतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. २०२३ साली विवाहाचा हक्क मात्र नाकारला. आता पाकिटाऐवजी दूरध्वनी आहे, पण तो घरात कुणाच्या हाती पडेल ही धास्ती तीच आहे. आणि दोन मैत्रिणींना निवांत बसायचे झाले तर रसायनीहून पनवेल, पनवेलहून मुंबई, आणि अंधार पडायच्या आत परत.