शक्ति आणि तिचें मोजमाप

शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचूं लागली, कीं ती कधीं फुलासारखी हलकी होते, कधीं पाऊल उचलवूं नये इतकी जड होते, असें कोंकणांतील खांदेकरी सांगतात. मग तें पोलादपूर तालुक्यांतील कापडे असो वा रत्नागिरीकडील एखादें गांव असो. ती शक्ति देवीची, लाकडाची, कीं खांदेकऱ्यांच्या भावनेची, हें तेथें सहसा कोणी विचारीत नाहीं. पालखी पुढें न्यावयाची असते.

हाच प्रश्न १९७७ सालीं एका अमेरिकन चित्रपटानें जगभर नेला. जॉर्ज लुकास ह्यांच्या ‘स्टार वॉर्स’मध्यें अंतराळयानें आहेत, यंत्रमानव आहेत, आणि ह्या सर्व सामग्रीहून वरचढ अशी ‘फोर्स’ नांवाची एक शक्ति आहे. ती सर्व सजीवांपासून उत्पन्न होते व विश्वास बांधून ठेविते, असें एक वृद्ध योद्धा तरुण शिष्यास समजावितो. म्हणजे ती कोणाच्या मालकीची नव्हे. साधनेनें तिच्याशीं एकरूप व्हावयाचें. मराठी माणसास ह्यांत परकें असें कांहींच वाटूं नये. योगबळानें चौदाशें वर्षें जगलेला चांगदेव वाघावर बसून आला, आणि ज्ञानदेवादि भावंडें चालत्या भिंतीवरून त्यास सामोरीं गेलीं, ही कथा त्यानें बालपणींच ऐकलेली असते. तींतील खोंच निराळीच आहे. एवढी सिद्धि असूनहि चांगदेवाचें पत्र कोरेंच राहिलें, आणि गुरु त्यानें केलें तें लहानग्या मुक्ताबाईस! पतंजलींनींहि सिद्धींस समाधीच्या वाटेंतील विघ्नेंच म्हटलें आहे.

१९९९ सालच्या भागांत लुकास ह्यांनीं रक्ताची तपासणी आणली. पेशींत राहणाऱ्या ‘मिडिक्लोरियन’ नामक सूक्ष्म जीवांची संख्या जितकी अधिक, तितकी त्या मुलाची शक्तीशीं जवळीक मोठी. कित्येक जुने चाहते रुष्ट झाले, आणि त्यांचा रोष रास्त होता. साधनेची जागा रक्तानें घेतली, कीं गुरुशिष्यांच्या कथेची नुसती जन्मपत्रिका होते.

परंतु मोजमाप सर्वत्र रसभंगच करितें असें नाहीं. महाड तालुक्यांतील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत १९७६ सालीं डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचू डसला, कीं लोक प्रथम मांत्रिकाकडे धांवत. सर्वच दंश प्राणघातक नसतात. त्यामुळें जो वांचला त्याचें श्रेय मंत्रास मिळे, आणि जो गेला त्याचा दोष नशिबास. मंत्राची कीर्ति अशीच वाढते. ज्यास विष खरोखर भिनलें, त्यास दरदरून घाम सुटे, वांत्या होत, हातपाय गार पडत, फुप्फुसांत पाणी सांचे. धडधाकट मूल कांहीं तासांत हातचें जाई. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून नाडी व रक्तदाब टिपून ठेविले. विष मज्जातंतूंस अनावर चेतवितें, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदय त्या भारानें थकतें, हें ध्यानीं आल्यावर रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही गोळी त्यांनीं वापरली. १९८२ पासून त्यांचीं निरीक्षणें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध होऊं लागलीं. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४० पर्यंत होतें, तें पुढें सुमारें १ वर आलें.

कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें अपराध ठरला. धार्मिक मिरवणुका त्याच कायद्यानें वगळल्या आहेत. तेव्हां पालखी हलकी होवो वा जड, तिला कोणी तराजू लावावयास येत नाहीं.