दोन मुलींची शाळा



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली. मी सातवी शिकलेली संसारी बाई. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. पण आपल्या दुपारच्या अक्षरवर्गाला तीनच जणी येतात, तेव्हा तो बंद करावा की काय, असा विषय निघाला आहे. म्हणून आज पंडिता रमाबाईंविषयी बोलते.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने लेकीला. पुढे दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, आणि १८८२ साली नवराही गेला. तेविसाव्या वर्षी कडेवर तान्ही मनोरमा! त्याच वर्षी पुण्यात हंटर आयोगापुढे त्यांनी निक्षून सांगितले की, आपल्या बायकांना शिक्षिका हव्यात, स्त्री-डॉक्टर हव्यात.

आपणच डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येई, त्यामुळे वैद्यकी शिकता येईना. त्याच मुक्कामात लंडनजवळ ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या बायकांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. ज्यांना जगाने टाकले त्यांना जवळ करणारा ख्रिस्त त्यांच्या मनात भरला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

भगिनींनो, धर्म ज्याचा त्याला प्यारा. मला सांगायचे ते त्या श्रद्धेने दिलेल्या धीराविषयी. एक दार लागले म्हणून रमाबाई हताश होऊन बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या शिकत राहिल्या आणि तेथेच संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेस गेल्या, तेथे बालवाडीचे शिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने देऊन शाळेसाठी मदत उभी केली. अशी सात वर्षे वाट पाहिल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांचे शारदासदन उघडले.

आणि विद्यार्थिनी किती? दोन! त्यांतली एक बालविधवा गोदूबाई. तीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र तिचेच. मुली थोड्या म्हणून शाळा उघडलीच नसती, तर?

पुढचीही वाट सोपी नव्हती. काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. त्या पालकांनाही मी दोष देत नाही. लेकीचा धर्म बदलेल या भीतीने जीव धास्तावणारच. पण बाईंनी शाळा मोडली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः फिरून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुली अक्षरे शिकल्या, माग चालवू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. १९२२ साली बाई गेल्या. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर मागाहून तेथेच छापले गेले.

आता आपल्या वर्गाकडे वळते. मला लहानपणापासून मास्तरीण व्हायची हौस. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झाले, पोरेबाळे झाली. ती हौस आज एवढ्या वर्षांनी आपल्या मंडळाच्या सतरंजीवर पुरी होत आहे. त्या तिघींपैकी एक रात्री कांड्या भरून दुपारी डोळे चोळत येते. एकीचे कान यंत्रमागांच्या खडखडाटाने अधू झाले आहेत; तिला मी पाटीवर लिहून समजावते. गेल्या महिन्यात तिने बँकेत अंगठा न उठवता सही केली. बाहेर येऊन स्वतःच्या नावाकडे ती किती वेळ पाहत राहिली!

म्हणून माझी एकच विनंती आहे. वर्ग चालू ठेवा, आणि प्रत्येकीने आपल्या आळीतली एक तरी शेजारीण सोबत आणा. तीन म्हणजे रमाबाईंपेक्षा आपल्याकडे एक जास्तच आहे.