खुर्ची आणि कणा

पूर्वी पेढीवरचा मुनीम गादीवर बसे. पुढ्यात उतरते मेज, पाठीशी लोड. मांडी अवघडली की तो एक गुडघा उभा करी, पाय मोकळे करी. कचेरीत खुर्ची आली आणि हे हालणे उणावले. दिवसभर एकाच आसनावर बसलेल्या माणसाची कंबर सायंकाळी ठणकते, तेव्हा तो तेल चोळतो, वयाला बोल लावतो. खुर्चीखालच्या दांडीला मात्र कधी हात लावीत नाही.

हे दुखणे नवे नव्हे. इटालियन वैद्य रामाझ्झीनी यांनी कामकऱ्यांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींचे एक कारण सतत बसणे हेच सांगितले. स्वीडनचे डॉक्टर नाकेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब मोजला. पुढे वाकून बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब पडतो, असे त्यांना आढळले.

मग खुर्ची बेतावी कशी? आरंभ पायांपासून करावा. तळवे जमिनीवर सपाट टेकतील आणि मांड्या जमिनीला जवळजवळ समांतर राहतील इतकी बैठकीची उंची ठेवावी. नंतर मागे सरून बसावे. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागील बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. पाठीच्या टेक्याचा फुगवटा कंबरेच्या खळग्यात यावा. तो नसेल तर पंचाची गुंडाळी चालते. हात ठेवण्याच्या दांड्या खांदे उचलले जाणार नाहीत इतक्याच उंच असाव्यात. मेज उंच असेल तर खुर्ची वर घ्यावी; पण मग पाय लोंबकळतात, म्हणून पायांखाली पाट द्यावा. शेवटी संगणकाचा पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली ठेवावी, म्हणजे मान झुकत नाही.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. उत्तम आसनही तासन् तास धरून ठेवले तर जाचतेच. दर अर्ध्या तासाने उठावे, पाणी प्यावे, चार पावले टाकावीत. खुर्ची माणसासाठी असते, माणूस खुर्चीसाठी नव्हे. गादीवरच्या मुनिमाला हे कोणी शिकविले नव्हते. अवघडलेला गुडघाच त्याला ते सांगे, आणि तो त्याचे ऐके.