चेहऱ्याची अनामत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

सिनेमातल्या नट-नट्यांनी समाजापुढे आदर्श ठेवला पाहिजे, असं आपण वारंवार म्हणतो. एखादा नट कोर्टाची पायरी चढला, कुणाचा संसार मोडला, की हे वाक्य हमखास कानावर येतं. मला मात्र त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली दिसते. नटाची भूमिका, नटाचं खासगी आयुष्य आणि नटानं स्वतःच्या नावानं लोकांना दिलेला शब्द. यांपैकी कशासाठी त्याला जाब विचारायचा हे एकदा ठरवलं, तर पुष्कळसा वाद मिटेल.

आधी भूमिकेचं बघू. निळू फुले यांचंच उदाहरण घ्या. पडद्यावरचा त्यांचा पाटील, सरपंच पाहून खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबरीनं उभा राहिलेला. कार्यकर्त्यांची चूल पेटती राहावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी सुरू झाला, तेव्हा डॉ. श्रीराम लागू, निळूभाऊ आणि इतर कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून त्यासाठी पैसा उभा केला. पडद्यावर आयुष्यभर वाईट वागलेल्या या माणसानं समाजाचं काय वाईट केलं? काहीच नाही. उलट पाटीलकीचा माज कसा असतो, हे त्यांनी आपल्याला ओळखायला शिकवलं. तेव्हा नटानं खलनायक करावा, दारुड्या करावा, खुनीही करावा. तो त्याचा धंदा आहे आणि कलाही.

दुसरं खासगी आयुष्य. त्यानं किती लग्नं केली, कुणाशी पटलं, कुणाशी नाही, हे त्याचं तो बघेल. कायदा मोडला तर कोर्ट आहे. याच्याच जोडीला आणखी एक मागणी असते. देशात काही घडलं की अमुक नट गप्प का, अशी विचारणा होते. नाव मुसलमानाचं असेल तर ती जरा मोठ्या आवाजात होते. माझ्यासारख्या लहानशा कवीलाही तिचा थोडाफार अनुभव आहे. प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाकडे मत असलंच पाहिजे, असं मला वाटत नाही. बोलायचं असेल त्यानं जरूर बोलावं, पण गप्प राहिलेल्या माणसाला आरोपी समजू नये.

मग नटाची जबाबदारी उरते कुठे? ती उरते तिसऱ्या गोष्टीत. तिच्याविषयीच मला आज बोलायचं आहे.

२६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन यांच्या पोटाला जबर मार बसला. मी तेव्हा शाळेत होतो. सोलापूरच्या आमच्या गल्लीत दखनी, तेलुगू, कन्नड, मराठी अशा चार भाषा नांदत होत्या आणि त्या चारही भाषांत काही दिवस एकच विषय होता. अम्मी नमाजीनंतरच्या दुआत त्यांचं नाव घ्यायची. शेजारच्या पद्मशाली काकूंनी मारुतीला नवस बोलला. ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, जे त्यांच्या नात्याचे ना गोत्याचे, ती माणसं रेडिओला कान लावून बसलेली मी पाहिली आहेत. तिकिटाच्या पैशात सिनेमा येतो. दुआ आणि नवस त्यात धरलेले नसतात. ते लोकांनी आपणहून, वरून दिलेले असतात.

अरबी-फारसीतून आलेला एक शब्द आहे, अमानत. विश्वासानं दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू. मराठीनं अक्षरांची अदलाबदल करून त्याची ‘अनामत’ केली. लोकांचा हा विश्वास म्हणजे नटाकडे ठेवलेली अनामत आहे, असं मी मानतो. भूमिका करताना नट दुसऱ्याचं नाव घेतो आणि घरात तो त्याच्या माणसांचा असतो. पण तो स्वतःच्या नावानं, स्वतःच्या चेहऱ्यानं समोर येऊन ‘हे घ्या’ असं म्हणतो, तेव्हा तो ही अनामत खर्च करत असतो.

ती चांगल्या कामी खर्च होते, तेव्हा काय घडतं? पोलिओचा डोस पाजला तर पुढे मूलबाळ होत नाही, अशी अफवा उत्तर प्रदेशातल्या अनेक वस्त्यांत, विशेषतः मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. अमिताभ बच्चन यांनी टीव्हीवरून कधी विनवून, कधी चक्क रागावून आईबापांना सांगितलं की पोराला दोन थेंब पाजा. ही लढाई जिंकली ती घरोघर पेट्या घेऊन फिरणाऱ्या बायांनी, डॉक्टरांनी आणि मशिदीतून आवाहन करणाऱ्या मौलवींनी, हे विसरून चालणार नाही. पण दार उघडायला तो ओळखीचा आवाजही कामी आला. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याच्या एका लहान मुलीला झालेला पोलिओ हा देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं.

सोलापूरच्या पलीकडे कर्नाटक लागतो, म्हणून तिथलंही सांगतो. कन्नडचे राजकुमार २००६ साली गेले आणि त्यांच्या इच्छेनुसार नेत्रदान झालं. त्यांचा मुलगा पुनीत २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अवघ्या ४६व्या वर्षी गेला. त्याचंही नेत्रदान झालं. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानासाठी नाव नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. त्यासाठी कुणाला भाषण करावं लागलं नाही. हाच पुनीत राज्याच्या सहकारी दूध संघाच्या ‘नंदिनी’ दुधाची जाहिरात मानधन न घेता करत असे.

आता दुसरी बाजू. तंबाखूच्या जाहिरातीला २००३च्या कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्रात जुलै २०१२मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावरही बंदी आली. मग धंदा कसा चालतो? पानमसाल्याची एक पुडी, तंबाखूची दुसरी. टपरीवाला दोन्ही एकदम हातावर ठेवतो आणि गिऱ्हाईक ती तळहातावर एक करतं. जाहिरातीत मात्र यातलं काही नसतं. तिथे असते वेलची किंवा केशर. नाव तेच, अक्षरांची ठेवण तीच, रंग तोच. ती वेलची मागायला टपरीवर किती लोक जातात? जाहिरातीचा खर्च वेलचीसाठी नसतो, नावासाठी असतो.

गंमत अशी की २ ऑक्टोबर २०१२पासून सिनेमात कुणी सिगारेट ओढली तर पडद्यावर इशारा झळकवावा लागतो. म्हणजे कथेतल्या काल्पनिक माणसाच्या हातातल्या सिगारेटला इशारा आहे. पण तोच नट मध्यंतरात स्वतःच्या खऱ्या चेहऱ्यानं त्या नावाची पुडी मिरवतो, तेव्हा खाली एक ओळही नसते. जिथे तो खोटा आहे तिथे सावधान, आणि जिथे खरा आहे तिथे खुशाल विश्वास ठेवा!

आमच्या गल्लीत एक मुलगा होता. त्याची आई विड्या वळायची. सोलापुरात हजारो बायांची चूल विडीवर पेटते, त्यामुळे तंबाखूला नुसत्या शिव्या देऊन आमच्याकडे भागत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण त्या आईनं त्याला विडीला कधी हात लावू दिला नाही. त्यानं पुडी धरली. ती त्याला विडीसारखी गरिबाघरची वाटायची नाही. पुडीच्या नावामागे मोटारीतून उतरणारा, सूट घातलेला नट होता. तेविसाव्या वर्षी त्याला तोंड उघडेना. डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितलं. त्याचं एकच बोट गेलं. भाकरी दुधात कुस्करून खायची वेळ आली. पुढे गाठ निघाली आणि त्याला बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावानं चालणाऱ्या कॅन्सर रुग्णालयात न्यावं लागलं. मी त्याला भेटायला गेलो होतो. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून मीच बोलत होतो. परतताना पाटी वाचली. टपरीवर एका नटाचा चेहरा आणि इस्पितळाच्या दारावर एका अभिनेत्रीचं नाव. या दोहोंच्या मधे त्या पोराचं आयुष्य संपलं.

नर्गिसबाई ३ मे १९८१ रोजी कर्करोगानं गेल्या. सुनील दत्त यांनी आपलं दुःख घरात कोंडून ठेवलं नाही, तिच्या नावानं कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम उभं केलं. माणूस आपल्या नावाचं काय करतो, हे बऱ्याच अंशी त्याच्याच हातात असतं.

नट म्हणतात, लोक सुज्ञ आहेत, ज्याला जे घ्यायचं ते तो घेईल. पण कंपनीला हे पटलेलं नाही. लोक चेहऱ्याकडे न बघता वस्तू घेतात अशी तिची खात्री असती, तर तिनं चेहऱ्यासाठी कोट्यवधी रुपये मोजले नसते. परिणाम होतो म्हणून मानधन घ्यायचं आणि जबाबदारीची वेळ आली की परिणाम होतच नाही म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडानं कसं बोलता येईल?

कायदाही आता असं बोलू देत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिराती करण्यावर आधी एक वर्षापर्यंत, नंतर तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. दाव्याची नीट खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तरच सुटका. जून २०२२मधल्या मार्गदर्शक सूचनांनी एका वस्तूच्या आडून दुसरीची जाहिरात करायलाही मनाई केली. तरी त्यानंतरही वेलचीवाले फलक झळकत राहिलेच.

काही जण मागे फिरले, हेही सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२१मध्ये अमिताभ बच्चन पानमसाल्याच्या जाहिरातीतून बाहेर पडले आणि मानधन परत केल्याचं जाहीर झालं. एप्रिल २०२२मध्ये अक्षय कुमार यांनी चाहत्यांची माफी मागून अशाच एका करारातून अंग काढून घेतलं. दोन्ही वेळा लोकांनी आधी नाराजी बोलून दाखवली होती. म्हणजे अनामत ठेवणाऱ्यांनी हिशेब मागितला, तर तो द्यावा लागतो. दक्षिणेतल्या साई पल्लवीनं तर गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात मुळातच नाकारली. सावळ्या मुलीला आरशासमोर खाली बघायला लावणारा पैसा तिला नको होता.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. नटांनी संत होऊ नये, त्यांना ते जमणारही नाही. करारावर सही करण्याआधी त्यांनी एवढंच विचारावं : ही वस्तू मी माझ्या पोराच्या हातावर ठेवीन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती दुसऱ्याच्या पोराच्या हातावरही ठेवू नये.

आणि आपण? नटाच्या लग्नाची चौकशी आपण कमी करावी आणि त्याच्या हातातल्या पुडीची जास्त. फसवी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तो फिरवावा. आवडत्या नटाला दोन ओळींचं पत्र लिहावं : तुमचा सिनेमा बघू, पण ही पुडी तुमच्या हातात आम्हाला बघवत नाही. अशी पत्रं शत्रू लिहीत नाहीत. ज्यांनी कधीकाळी त्यांच्यासाठी दुआ मागितली, नवस बोलले, तीच माणसं ती लिहितात. त्यांना तो हक्क आहे.