लेबल सरकलं, तर आधी कागदाचं माप बघा



दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. आमच्या बचत गटाने चकलीच्या भाजणीची पाकिटं भरली आणि लेबलं घरच्या प्रिंटरवर काढायला घेतली. एका स्टिकर कागदावर २४ लेबलं. पहिली ओळ बरी आली, पण खाली खाली मजकूर वर सरकत गेला. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर या लेबलावर अर्धा, त्या लेबलावर अर्धा! असं पाकीट विकायचं कसं? सहा कागद वाया गेले. संगणकावर आमची एक सूनबाई बसली होती. आम्ही सगळ्यांनी तिलाच बोल लावला.

चूक तिची नव्हती, प्रिंटरही बिघडला नव्हता. कागद होता ए-फोर, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद, २९७ लांब. संगणकात मात्र 'लेटर' हे अमेरिकेतलं माप निवडलेलं होतं. ते २१६ रुंद, पण लांबीला २७९च. तेवढ्यात बसवायला संगणकाने सगळा मजकूर बारीक केला.

तेव्हापासून आम्ही छापा कसा सरकलाय ते आधी बघतो. खाली जाता जाता फरक वाढत असेल, तर माप चुकलंय. छापताना 'ए-फोर' निवडा आणि 'फिट' ऐवजी 'अ‍ॅक्च्युअल साइज', म्हणजे १०० टक्के ठेवा. छापा तिरका आला, तर ट्रेमधल्या सरकत्या पट्ट्या कागदाला अलगद टेकवा. फार आवळू नका, कागद वाकतो. सगळी लेबलं सारखीच एका बाजूला गेली असतील, तर समास तेवढा कमी-जास्त करा. कडेचे काही मिलिमीटर बहुतेक प्रिंटर छापतच नाहीत, तिथे नंबर ठेवू नका.

पावसाळ्यात कागद दमट होतो, एकाला एक चिकटून दोन ओढले जातात. म्हणून गठ्ठा पिशवीत बांधून ठेवा आणि घालण्याआधी झटकून मोकळा करा. लेबलं निघालेला स्टिकर कागद पुन्हा घालू नका, उरलेलं लेबल आत चिकटून बसतं.

आणि पहिला छापा नेहमी साध्या कागदावर काढा. तो स्टिकर कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरा. चौकटी जुळल्या की मगच पुढे.

सूनबाईची आम्ही माफी मागितली. आता ती आम्हाला छापायला शिकवते. तुमच्या गटात काही बिघडलं, तर माणसाला बोलण्याआधी कागद मोजा, बरं का!